सोडचिठ्ठी लिहायची कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समान नागरी कायद्याची चर्चा सुरू झाली की इस्रायलचे उदाहरण हमखास दिले जाते. ठिबक सिंचनात, संरक्षणात, संगणकात तो देश पुढे आहे, तेव्हा कुटुंबकायद्यातही पुढेच असणार, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती उलटी आहे. इस्रायलमध्ये आजही ज्यू नागरिकाला स्वतःच्या देशात नोंदणी पद्धतीने लग्न करता येत नाही आणि ज्यू जोडप्याचा घटस्फोट तिथले कुठलेही दिवाणी न्यायालय करू शकत नाही. याची झळ कोकणातून तिकडे गेलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू लोकांना साठच्या दशकात चांगलीच बसली. ठाणे-मुंबईत आणि रायगड जिल्ह्यात राहणाऱ्या त्यांच्या नातेवाइकांना ती कागदपत्रांच्या रूपाने आजही बसू शकते. म्हणून जरा तपशिलात जाऊन लिहीत आहोत.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. कायदा धर्मागणिक वेगळा असणे ही एक गोष्ट आणि न्यायाधीशच धर्मसंस्थेचा असणे ही दुसरी. भारतात पहिली आहे, दुसरी जवळजवळ नाही. हिंदूंसाठी १९५५ चा कायदा, पारशांसाठी १९३६ चा, ख्रिश्चनांसाठी १८६९ चा, मुस्लिम स्त्रीला न्यायालयातून सुटका मिळावी म्हणून १९३९ चा आणि कुणालाही वापरता येईल असा १९५४ चा विशेष विवाह कायदा. कलमे वेगवेगळी आहेत, काही सरळसरळ अन्यायाची आहेत, त्यांवर भांडायलाच हवे. पण वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयातला न्यायाधीश राज्याने नेमलेला असतो. तो कुठल्याही धर्माचा असू शकतो, तिथे स्त्री न्यायाधीश असू शकते आणि निकालावर उच्च न्यायालयात अपील होते. पारशी दाव्यांत समाजाचे प्रतिनिधी बसतात, तरी अध्यक्षस्थानी न्यायमूर्तीच असतात. चर्चच्या न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरवला म्हणून कायद्याने घटस्फोट झाला असे होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये कायम ठेवली. हुकूमनाम्यावर सही राज्याची असते. नवरा रुसला, परागंदा झाला, समन्स घेईना, तरी एकतर्फी हुकूमनामा निघतो आणि बाई मोकळी होते.

इस्रायलमध्ये हे होत नाही, कारण तिथे राज्याने ती सहीच सोडून दिली आहे. मुळात ही व्यवस्था उस्मानी तुर्कांची. प्रत्येक धर्मसमुदायाने आपले लग्न-काडीमोड आपल्या धर्मगुरूंकडे न्यावे, सरकारने त्यात पडू नये. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज आले, त्यांनी १९२२ च्या आदेशाने ती तशीच चालू ठेवली. १९ जून १९४७ रोजी, राष्ट्र जन्माला येण्याच्या अकरा महिने आधी, पुढे पहिले पंतप्रधान झालेले बेन गुरियन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अगुदात इस्राएल या कडव्या धार्मिक पक्षाला पत्र लिहून चार बाबतींत आश्वासन दिले : शब्बाथची, म्हणजे शनिवारची, सुट्टी, सरकारी स्वयंपाकघरांतला धर्मसंमत आहार, धार्मिक शाळांची स्वायत्तता आणि विवाहविषयक बाबी. पक्षाचा पाठिंबा हवा होता, जगासमोर एकी दाखवायची होती. त्या घाईचे मोल पुढच्या पिढ्यांच्या बायका मोजत आहेत. १९५३ मध्ये संसदेने रब्बी-न्यायालयांच्या (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू) अधिकारकक्षेचा कायदा केला. कायदा आटोपशीर आहे, त्याची पहिली तीन कलमे सगळे सांगून जातात. पहिले : इस्रायलमध्ये राहणाऱ्या ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट हे केवळ रब्बी-न्यायालयाच्या अखत्यारीत. दुसरे : ते तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, कायद्यानुसारच होतील. तिसरे : घटस्फोटाच्या दाव्याला पोटगी आणि इतर संबंधित मागण्या जोडल्या तर त्याही तिकडेच. या न्यायालयात तीन धर्मन्यायाधीश बसतात, त्यांना दयान म्हणतात. पगार सरकारी, नेमणूक कायद्याने ठरवलेल्या समितीकडून, पण दयान होण्यासाठी पुरुषच असावे लागते. १९९० नंतर स्त्रियांना तिथे धर्मशास्त्राच्या वकील म्हणून उभे राहता येऊ लागले. व्यासपीठावर मात्र अजून एकही नाही.

आता मुळाशी जाऊ. ज्यू धर्मशास्त्रात, म्हणजे हलाखात, घटस्फोट न्यायालय करत नाही. घटस्फोट नवरा करतो. न्यायालय फक्त तो विधिवत झाला की नाही हे पाहते. 'सोडचिठ्ठी' हा शब्द आपण मराठीत बोलीभाषेतला म्हणून वापरतो. तिथे ती अक्षरशः चिठ्ठी आहे. तिला 'गेट' म्हणतात. हा विधी कसा होतो ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढची अडचण कळत नाही.

छापील नमुना चालत नाही. त्या नवऱ्यासाठी, त्या बायकोसाठी, त्याच दिवसासाठी म्हणून गेट नव्याने हाताने लिहावे लागते. लेखनिकाला सोफर म्हणतात. कागद, बोरू, शाई सोफरची असते. ती तो आधी नवऱ्याला बक्षीस म्हणून देतो, नवरा ती उचलून 'आता ही माझी' असे दाखवतो आणि मग सोफरला परत देऊन लिहायला सांगतो. गेट नवऱ्याच्या मालकीच्या साहित्याने, नवऱ्याच्या तोंडी आज्ञेवरून लिहिले गेले पाहिजे. कागदावर आधी टोकदार हत्याराने ओळी आखतात. मजकूर अरामी भाषेत, बरोब्बर बारा ओळी. 'गेट' या शब्दातल्या दोन हिब्रू अक्षरांची बेरीजही बारा येते. त्यात तारीख, गावाचे नाव, गावाजवळच्या नदीचा किंवा झऱ्याचा उल्लेख, आणि दोघांची व दोघांच्या वडिलांची नावे. घरातले, सिनेगॉगमधले (प्रार्थनास्थळातले), लाडाचे, ज्या ज्या नावाने माणूस ओळखला जातो ती सगळी. एका अक्षराची चूक झाली तरी पुन्हा पहिल्यापासून. खाली दोन साक्षीदार सह्या करतात. नवऱ्याला पुन्हा पुन्हा विचारतात : स्वखुशीने देतोस ना? यापूर्वी कुठे हरकत नोंदवली असशील तर ती रद्द केलीस ना? मग बायको अंगठ्या काढून दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरते. नवरा घडी घातलेला कागद वरून तिच्या ओंजळीत सोडतो आणि म्हणतो की हे तुझे गेट, याने तू माझ्यापासून सुटलीस आणि कुणाही पुरुषाला मोकळी झालीस. ती मूठ मिटते, हात वर करते, कागद काखेत धरून चार पावले चालून परत येते. दयान कागद परत घेतात, पुन्हा वाचतात, त्याला छेद देतात आणि दप्तरी ठेवतात, म्हणजे पुढे कुणी त्यातले अक्षर उकरून वाद काढू नये. तिच्या हाती येतो तो न्यायालयाचा दाखला. त्यानंतर ९२ दिवस तिला दुसरे लग्न करता येत नाही. पोटात मूल असल्यास ते कुणाचे याचा संशय नको म्हणून.

सगळे सुरळीत असेल तर हा एका सकाळचा विधी आहे आणि तो पाहणाऱ्याला गंभीर, सभ्य वाटतो. घोडे अडते ते 'स्वखुशीने' या एका शब्दापाशी. जबरदस्तीने दिलेले गेट म्हणजे 'गेट मेउसे', आणि ते कवडीमोल. म्हणजे नवरा 'देत नाही' म्हणून बसला तर राज्य त्याच्या वतीने सही करू शकत नाही, हुकूमनामा काढू शकत नाही. आपल्याकडे करारपालनाच्या दाव्यात प्रतिवादी खरेदीखत करून देत नसेल तर न्यायालय स्वतः अधिकारी नेमून त्याच्या वतीने सही करवते. इथे तसा मार्गच नाही.

मग रब्बी-न्यायालय करते काय? त्याच्या निकालाच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खाली शिफारस : गेट दिलेले बरे. त्यावर 'मित्झ्वा' : गेट देणे हे धर्मकर्तव्य आहे. त्यावर 'हियुव' : देणे बंधनकारक आहे. सर्वांत वर 'कफिया' : सक्ती करावी. सक्तीसाठी शास्त्रात मोजकीच कारणे आहेत. 'संसार कायमचा मोडला आहे' हे एवढेच कारण पुरत नाही. कित्येक वर्षे वेगळे राहणाऱ्या बाईच्या हातात शिफारशीपलीकडे काही पडत नाही, आणि शिफारशीला नवरा भीक घालत नाही. १९९५ मध्ये संसदेने कायदा करून न्यायालयाला शस्त्रे दिली : देशाबाहेर जायला बंदी, पासपोर्ट, वाहनपरवाना, व्यवसायाचा परवाना आणि बँक खाते यांवर निर्बंध, आणि शेवटी तुरुंग, पाच वर्षांपर्यंत, वाढवून एकूण दहा. निकालाची भाषा शिफारशीची असो की सक्तीची, निर्बंध लावता येतील असेही त्या कायद्यात आहे. तरी दयान हात आखडता घेतात. कारण तेच : फार दाब दिला आणि गेट जबरदस्तीचे ठरले तर बाईचे दुसरे लग्नच व्यभिचार ठरेल. आणि तुरुंगही शेवटचा उपाय ठरत नाही. एक माणूस गेट न देता तीसहून अधिक वर्षे इस्रायलच्या तुरुंगात राहिला आणि १९९४ मध्ये तिथेच वारला. दार उघडायची किल्ली त्याच्याच जिभेवर होती, तो एक वाक्य बोलला असता तर त्याच दिवशी सुटला असता. त्याची बायको त्याच्या मृत्यूने मोकळी झाली, कायद्याने नाही.

अशा अडकलेल्या बाईला हिब्रूत 'अगुना' म्हणतात, जहाजाच्या नांगराला बांधलेली. आपल्याकडे 'टाकलेली' म्हणतात ती बाई निदान न्यायालयात जाऊन मोकळी होऊ शकते. अगुना दुसऱ्या पुरुषाबरोबर राहू लागली तर ती व्यभिचारिणी; नवऱ्याशी आणि या पुरुषाशी, दोघांशी तिला लग्न वर्ज्य; आणि त्या संबंधातून झालेले मूल 'ममझेर'. ममझेराला कायद्याने शाळा, नोकरी, वारसा सगळे मिळते, पण ज्यू समाजात लग्न करता येत नाही. करायचेच तर दुसऱ्या ममझेराशी किंवा धर्मांतरिताशी, आणि हा कलंक त्याच्या मुलाबाळांकडे जातो. पुरुषाचे तसे नाही. साधारण इसवी सन १००० च्या सुमारास रब्बी गेर्शोम यांनी दुसरी बायको करायला आणि बायकोच्या मर्जीविरुद्ध सोडचिठ्ठी द्यायला बंदी घातली, त्यामुळे बायकोही गेट घ्यायला नकार देऊ शकते हे खरे. पण अडून राहिलेल्या बायकोच्या नवऱ्याला शंभर रब्बींच्या सह्यांनी दुसऱ्या लग्नाची परवानगी मिळू शकते, आणि त्याला एखाद्या अविवाहित स्त्रीपासून मूल झाले तर ते ममझेर होत नाही. बाईसाठी शंभर रब्बींची वाट नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न आरशात पाहिल्यासारखा ओळखीचा वाटायला हवा. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तो तोंडी तलाकाविरुद्ध होता. तिथे नवरा एका दमात बाईला मोकलत होता, इथे तो जन्मभर सोडत नाही. वरवर दोन टोके. मूळ एकच की काडी मोडण्याचा अधिकार फक्त नवऱ्याच्या हातात आहे.

आता पैशाकडे वळू, कारण अडवणूक बहुतेक वेळा तिथेच येऊन थांबते. गेटला भाव येतो. घरातला वाटा सोड, मुलांची पोटगी कमी कर, जुनी तक्रार मागे घे, मग देतो. १९५३ च्या तिसऱ्या कलमामुळे याला आणखी एक फाटा फुटला. पोटगी, मालमत्ता, मुलांचा ताबा या मागण्या घटस्फोटाच्या दाव्याला बांधता येतात, हिब्रूत याला 'क्रिखा' म्हणतात. ज्याने आधी रब्बी-न्यायालयात असा दावा टाकला त्याने प्रतिपक्षाला दिवाणी कौटुंबिक न्यायालयापासून तोडले. बायकोने आधी दिवाणीत टाकला तर उलट. त्यामुळे लग्न मोडू घातले की दोघेही समेटाच्या गोष्टी बोलता बोलता वकिलाकडे पळतात. बांधणी खरी की डावपेच हे पाहायला तीन कसोट्या आहेत : घटस्फोटाचा दावा प्रामाणिक आहे का, बांधणी प्रामाणिक आहे का आणि ती रीतसर झाली आहे का. या कसोट्यांवरच महिनोन्महिने जातात. ही शर्यत थांबवायला २०१४ मध्ये कायदा झाला. आधी तंटा मिटवण्याचा अर्ज करायचा, समुपदेशनाच्या बैठकांना जायचे, तोवर दावे थांबलेले. पण ज्याने आधी अर्ज केला त्यालाच नंतर न्यायालय निवडण्याचा पहिला हक्क आहे. शर्यत राहिलीच, फक्त सुरुवातीची रेघ मागे सरकली.

काही सुधारणा मात्र खरोखर उपयोगी पडल्या, त्या नोंदवायला हव्यात. १९७३ च्या मालमत्ता कायद्यात वाटणीचा हक्क लग्न संपल्यावरच मिळत होता. म्हणजे गेट अडवले की वाटणीही अडली. २००८ च्या दुरुस्तीने ही गाठ सोडवली; ठरावीक अटींवर, उदाहरणार्थ दावा दाखल होऊन वर्ष उलटल्यावर, घटस्फोटाआधीच वाटणी मागता येते. नवऱ्याच्या हातातला सर्वांत मोठा हुकमाचा पत्ता त्या दिवशी गेला. दुसरी वाट दिवाणी न्यायालयांनी काढली. गेट नाकारणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य मानून या शतकाच्या सुरुवातीपासून बायकांना भरपाई मिळू लागली. त्यावर रब्बी-न्यायालयांचे म्हणणे असे की भरपाईच्या धाकाने दिलेले गेटही जबरदस्तीचेच. बाईने दावा मागे घेतल्याशिवाय आम्ही विधी करणार नाही. एका न्यायालयाने दिलेले दुसऱ्याने अडवायचे, मध्ये बाई.

हे फक्त ज्यूंपुरते नाही, तेही सांगितले पाहिजे. तिथल्या मुस्लिमांना शरिया न्यायालय, द्रुझ पंथीयांना त्यांचे, मान्यताप्राप्त दहा ख्रिस्ती पंथांना आपापले. बायकोच्या मर्जीविरुद्ध न्यायालयाबाहेर तलाक देणे हा १९५१ पासून फौजदारी गुन्हा आहे, पण दिलेला तलाक कायम राहतो. नवऱ्याला शिक्षा होऊ शकते, बाई मात्र सुटलेलीच. कॅथलिकांना घटस्फोटच नाही, त्यामुळे काही जोडपी केवळ सुटका मिळावी म्हणून पंथ बदलतात. दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांचे लग्न लावणारा तर देशात जवळजवळ कुणीच नाही. सोव्हिएत संघातून आलेल्या, नागरिकत्व मिळालेल्या पण आई ज्यू नसल्यामुळे 'धर्म नाही' अशी नोंद असलेल्या लाखो लोकांचेही तेच. २०१० मध्ये त्यांच्यासाठी सहजीवन-कराराचा कायदा केला, पण अट अशी की दोघेही धर्मविरहित म्हणून नोंदलेले हवेत. बहुतेकांचा जोडीदार ज्यू असतो, म्हणून कायदा कागदावर राहिला.

म्हणून लोक सायप्रसला जातात. तासाभराचे विमान, लार्नाकाच्या नगरपालिकेत लग्न, दाखल्यावर अपोस्टिलचा (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा) शिक्का, परत येऊन नोंद. १९६३ च्या एका निकालाने गृहखात्याला असे परदेशी विवाह नोंदवून घेणे भाग पडले. कोविडच्या काळात अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या एका काउंटीने व्हिडिओ कॉलवर लग्ने लावायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तीही नोंदवा म्हणून सांगितले. आत यायची खिडकी अशी सापडते. बाहेर पडायचे दार मात्र तेच. सायप्रसमध्ये लग्न केलेले दोघेही ज्यू असतील तर घटस्फोटासाठी पुन्हा रब्बी-न्यायालय. २००६ पासून तिथे अशा लग्नाला पूर्ण गेटशिवायही विसर्जित करण्याचा हुकूम मिळू शकतो एवढाच दिलासा. शेजारचा लेबनॉन घ्या. तिथेही सगळे धर्मगुरूंच्या हाती, पण सायप्रसमध्ये लग्न केलेल्या लेबनानी जोडप्याचा खटला लेबनॉनचे दिवाणी न्यायालय सायप्रसच्या कायद्याने चालवते. एवढेही इस्रायलने ज्यू जोडप्यांसाठी केलेले नाही.

आता कोकणाकडे. बेने इस्रायलींची रायगडमधली वस्ती शतकानुशतकांची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नवगावकर, पेणकर, केहिमकर अशी आडनावे. समाजाचा कारभार मुकादम, चौगुला आणि पंच पाहत, प्रार्थना हझन चालवत. पदवीधर रब्बी नव्हते, गेट लिहिण्यात वाकबगार सोफर नव्हते, स्वतःचे रब्बी-न्यायालय नव्हते. १९४८ नंतर हजारो लोक इस्रायलला गेले आणि तिथे लग्नाची नोंद करायला उभे राहिले, तेव्हा काही रब्बींनी शंका काढली : तुमच्या पणजी-खापरपणजींपैकी कुणाचा काडीमोड विधिवत गेटशिवाय झाला असेल आणि तिने दुसरे लग्न केले असेल, तर तुमच्यात ममझेर असण्याचा संभव आहे. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये मुख्य रब्बी-मंडळाने लग्नाला सरसकट अडचण नाही असे ठरवले, पण फेब्रुवारी १९६२ मध्ये नोंदणी करणाऱ्या रब्बींसाठी निर्देश काढले. बेने इस्रायली वधू-वराची आई, आजी, जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन चौकशी करा. घराण्यात कुणाचा घटस्फोट झाला होता का ते पाहा.

हे निर्देश नीट वाचा. एकाही व्यक्तीवर आरोप नाही, पुरावा नाही. एका अख्ख्या समाजावर शंका आणि ती खोटी ठरवण्याचा भार त्या समाजावर. कोकणातल्या खेड्यात खापरपणजीच्या काडीमोडीचा कागद कुठून आणायचा? बेने इस्रायलींनी हे मुकाट्याने सोसले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सी या स्थलांतरितांचे काम पाहणाऱ्या संस्थेच्या आवारात बायका-मुलांसह ठिय्या दिला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेने ठराव केला की बेने इस्रायली सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि विवाहासह सर्व हक्कांत समान आहेत. पंतप्रधान लेवी एश्कोल सरकारने त्यामागे वजन टाकले. ३१ ऑगस्टला रब्बी-मंडळाने निर्देशातून 'बेने इस्रायली' हे शब्द काढले आणि तिथे ज्यांच्या कौटुंबिक स्थितीबद्दल शंका आहे अशा कुणाहीबद्दल असे शब्द घातले. समाजाचे नाव गेले, चौकशी करण्याचा अधिकार राहिला. संसदेने ठराव केला, कायदा बदलला नाही. त्या वेळी १९५३ च्या कायद्याला हात लावला असता तर पुढे इथिओपियातून आलेल्या आणि रशियातून आलेल्या लोकांवर तीच वेळ आली नसती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रब्बींची बाजूही मांडायला हवी, कारण ती निव्वळ अहंकाराची नाही. त्यांचे म्हणणे असे की दिवाणी घटस्फोट दिला तर गेटशिवाय पुनर्विवाह होतील, त्यांची मुले ममझेर ठरतील आणि दोनतीन पिढ्यांत एकमेकांशी सोयरीक होऊ न शकणारे दोन ज्यू समाज तयार होतील. भीती खरी आहे. पण तिचे उत्तर शास्त्रातच आहे. ममझेरपण येते ते आईचे आधीचे लग्न धर्मसंमत असेल तर. केवळ नोंदणी पद्धतीने लागलेले लग्न हलाखाच्या दृष्टीने लग्नच नाही, म्हणून अडचणीच्या प्रसंगी गेटशिवायही ती बाई मोकळी मानता येईल, असे मत न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांच्यासारख्या विसाव्या शतकातल्या मोठ्या धर्मशास्त्र्याने दिले होते. रब्बी हेंकिन यांचे मत याच्या विरुद्ध होते, वाद आहेच. तरी अर्थ एवढा निघतो की ज्यांची श्रद्धा नाही त्यांनाही धार्मिक लग्नात ढकलल्यामुळे अगुना आणि ममझेर वाढतात. ज्यांना हवे त्यांनी सिनेगॉगमध्ये करावे, ज्यांना नको त्यांना नोंदणी कार्यालय असावे. त्यात धर्माचाही तोटा नाही. उलट २०१३ मध्ये सरकारने खासगी धार्मिक लग्न लावून ते न नोंदवणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. रब्बी-मंडळाबाहेरच्या उदार पंथांच्या लग्नांना मंडळ नोंदवूनच घेत नाही, तेव्हा त्या पंथांची जोडपी कशी कात्रीत सापडली असतील ते सांगायला नको.

कायदा बदलेपर्यंत उपयोगी पडते ते लग्नाआधीचे करारपत्र. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स रब्बींच्या करारात नवरा वेगळे झाल्यापासून बायकोला रोज १५० डॉलर निर्वाहासाठी देण्याचे कबूल करतो. इस्रायलमधल्या करारात दोघेही बांधले जातात. नोटीस दिल्यापासून १८० दिवसांनंतर अडवणारा दरमहा १,५०० डॉलर किंवा आपल्या उत्पन्नाचा निम्मा भाग, जे जास्त असेल ते, देतो. शब्दरचना इथे जीव की प्राण आहे. 'गेट न दिल्यास दंड' असे लिहिले की गेट जबरदस्तीचे ठरण्याचा धोका. 'विधिवत लग्न टिकून आहे तोवर निर्वाह' असे लिहिले की नवऱ्याचे आधीपासूनचे धर्मकर्तव्यच त्याने पैशात मान्य केले. पैसा तोच, पण एक मजकूर टिकतो आणि दुसरा टिकत नाही.

हेच आपल्याकडच्या कुटुंबांसाठीही लागू आहे, म्हणून शेवटी थोडे व्यवहाराचे. भारतात ज्यूंसाठी वेगळा विवाह कायदा नाही. लग्न केतुबा (ज्यू विवाहकरार) वाचून सिनेगॉगमध्ये होते आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या नोंदणी कायद्याखाली त्याची नोंद होते, किंवा दोघे विशेष विवाह कायद्याने लग्न करतात. घटस्फोट दिवाणी न्यायालयातून मिळतो आणि भारतापुरता तो पूर्ण आहे. पण सिनेगॉगमध्ये लग्न झालेल्या बाईने फक्त एवढ्यावर विसंबून दुसरे लग्न केले आणि पुढे ती किंवा तिची मुले इस्रायलला गेली, तर तिथल्या नोंदणीत ती पहिल्याच नवऱ्याची बायको मानली जाण्याचा धोका आहे. परस्परसंमतीचा अर्ज करताना दोघे एकमेकांशी नीट बोलत असतात. संमतीच्या अटी लिहिताना तेव्हाच त्यात एक ओळ घालावी की अंतिम हुकूमनाम्याआधी नवरा गेट देईल आणि बायको ते घेईल. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामधला काळ यासाठी वापरावा. दोघांनी एका गावात असण्याची गरज नाही. नवरा जिथे रब्बी-न्यायालय आहे तिथे गेट लिहवून प्रतिनिधीच्या हाती पाठवू शकतो. आपल्या समोर लिहिले, आपल्या समोर सह्या झाल्या, असे त्या प्रतिनिधीने बाईला गेट देताना सांगायचे असते. नावे कळवताना आधारकार्डावरचे नाव, सिनेगॉगमधले हिब्रू नाव आणि घरी मारतात ती मराठी हाक, तिन्ही लिहून पाठवावीत. आई-वडिलांचा केतुबा आणि सिनेगॉगच्या नोंदवहीतला उतारा जपून ठेवावा. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत अपोस्टिल करून घ्यावी आणि गेट झाल्याचा रब्बी-न्यायालयाचा दाखला मूळ प्रतीत बाईकडेच राहील असे पाहावे, नवऱ्याच्या फाइलमध्ये नको.

कळावे,
आपले,
कौटुंबिक कायद्याचे काही अभ्यासक, ठाणे व अलिबाग